पणजोबा "फौजदार" होते म्हणतात? मग आधी पगार कोण द्यायचं ते शोधा

आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलो, "तुझे पणजोबा गायकवाडीत (म्हणजे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात) फौजदार होते." बास. कुठल्या ठाण्यात, कोणत्या साली, काही नाही. आजोबांना विचारायची अक्कल आली तोवर आजोबा गेलेले. मग चार वर्षांपूर्वी मी शोधायला बसलो आणि जवळजवळ वर्षभर बडोदे संस्थानाची कागदपत्रं चाळत राहिलो, डोळे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि शेवटी कळलं काय, तर पणजोबा गायकवाडी पोलिसात नव्हतेच. इंग्रजांच्या पोलिसात होते, शेजारच्या खेडा जिल्ह्यात. आणि फौजदार पण नव्हते, हेड कॉन्स्टेबल होते.

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांपैकी बऱ्याच जणांकडे असा एक तरी "पोलिसातला" पूर्वज असतो. ज्यांना त्याचा माग काढायचाय त्यांचं ते एक वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

१. पहिला प्रश्न: कोणाचे पोलीस?

हे सोडून पुढे जाऊ नका. मी गेलो म्हणून फसलो.

आज आपण गाडी काढली की आणंद अर्ध्या-पाऊण तासात येतं, मध्ये काही सीमा वगैरे लागत नाही. पण १९४९ च्या १ मेला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आधी हा सगळा भाग गोधडीसारखा होता. एक तुकडा गायकवाडांचा, लगेच दुसरा इंग्रजांचा. पेटलाद गायकवाडी, त्याच्या शेजारचं बोरसद इंग्रजी. नवसारी गायकवाडी, पण तिथून जवळची दांडी इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात. डभोई, पादरा, करजण, सावली, शिनोर, संखेडा आपले. आणंद, नडियाद, गोध्रा, भरूच त्यांचे. वर मेहसाणा, पाटण, विसनगर हे कडी प्रांतात म्हणजे गायकवाडी, आणि अमरेली, द्वारका इतक्या लांब असून पण गायकवाडीच.

म्हणून घरात एखाद्या गावाचं नाव जरी आठवत असेल तरी अर्धं काम झालं. फक्त ते गाव तेव्हा कोणाकडे होतं ते जुन्या नकाशात बघा, आजचा जिल्हा बघून काही कळत नाही.

आणि गंमत म्हणजे खुद्द वडोदरा शहरात असलेला पोलीस सुद्धा गायकवाडी असेलच असं नाही! स्टेशन आणि बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची मेन लाइन यावर इंग्रजी हुकूम चालायचा, त्यामुळे रेल्वे पोलीस त्यांचे. फतेगंजकडचा कॅम्प म्हणजे इंग्रजी छावणी, आणि रेसिडेन्सी म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीची (रेसिडेंटची) कचेरी, तो पण वेगळाच कारभार. म्हणजे आजोबा "बडोदा स्टेशनवर ड्युटीला होते" असं कोणी म्हणालं तर ते बहुतेक गायकवाडांचे नोकर नव्हते.

गाव माहीत नसेल तर हे विचारा:

पेन्शन कुठून आणायचे? माझी केस इथेच सुटली असती. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, तिला मी हजार प्रश्न विचारले पण हा विचारला नाही. एक दिवस चहा पिता पिता तीच सहज म्हणाली की आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, महिना लागला की गाडीने आणंदला जायचे आणि येताना मुलांना काहीतरी खाऊ आणायचे. आणंदला कशाला? तर "पेन्शनला." अगं मग आधी सांगायचं ने! गायकवाडी पेन्शन घ्यायला माणूस इंग्रजी तिजोरीत कशाला जाईल.

पगार कुठल्या रुपयात लिहिलाय? कागदावर "बाबाशाही" (संस्थानाचा स्वतःचा रुपया) दिसलं तर ते गायकवाडी, आणि तो कागद १९०० च्या सुमाराच्या आधीचा, कारण त्यानंतर संस्थानात इंग्रजी रुपया चालू झाला.

साल कसं लिहिलंय? संस्थानाचं सरकारी वर्ष ऑगस्टला सुरू होऊन जुलैला संपायचं. म्हणजे १९०८-०९ चा अहवाल असेल तर तो ऑगस्ट १९०८ ते जुलै १९०९. मे १९०८ मधली बढती त्यात शोधत बसलात तर सापडणार नाही, मी बसलो होतो.

आता एक मनातलं. आमच्या घरात "इंग्रजांचा पोलीस" हे "गायकवाडी फौजदार" कसं झालं? कोणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. पण १९४७ नंतर "आमचे वडील इंग्रजांच्या पोलिसात होते" हे चारचौघात सांगायला जड जात असणार, आणि सयाजीरावांचं नाव घेतलं की मान ताठ. हळूहळू एक वाक्य दुसऱ्यात शिरलं असेल. तुमच्या घरात पण झालं असू शकतं, म्हणून ऐकीव गोष्टीत हुद्दा आणि मालक ह्या दोन गोष्टींवर लगेच विश्वास ठेवू नका. गावाचं नाव, तिजोरी, खाऊ, ह्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी मात्र खऱ्या निघतात.

२. माळा, ट्रंक, कपाट

दफ्तरात जायच्या आधी घर उलथंपालथं करा. हे शोधा:

- पेन्शनचा कागद किंवा बुक
- सर्व्हिस शीट किंवा सेवापुस्तक (उंची, छाती, अंगावरच्या खुणा असतात, "डाव्या गालावर तीळ" वगैरे)
- चांगल्या वर्तनाचे दाखले, साहेबाच्या सहीचे
- बक्कल, पट्टा, शिट्टी, मेडल
- फोटो, आणि फोटोची मागची बाजू, कारण स्टुडिओचं गाव तिथे छापलेलं असतं
- आजोबांचा शाळेचा दाखला. सयाजीरावांनी १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात सक्तीचं शिक्षण केलं होतं त्यामुळे शाळेत नाव असायची शक्यता बरीच
- नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या. वडिलांचं, आजोबांचं नाव नक्की करायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही

बक्कल सापडलं तर घासू नका!! आमच्याकडे पितळेचं बक्कल होतं, आत्या दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ते पण चिंचेने लख्ख करायची. पन्नास-साठ दिवाळ्या. अक्षरं जवळजवळ गेलेली. मधला आकडा दिसत होता आणि वर काहीतरी इंग्रजी. आत्या म्हणायची "कैरी असं काहीतरी लिहिलंय." मी पण हसण्यावारी नेलं. मग एकदा खिडकीपाशी तिरकं धरून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारला तेव्हा वाचता आलं, "कैरा". खेड्याचं इंग्रजी नाव! इंग्रज खेड्याला कैरा म्हणायचे, भरूचला ब्रोच, खंभातला कँबे. ही नावं पाठ करा, कुठल्याही इंग्रजी यादीत "खेडा" शोधलंत तर हाताला काही लागणार नाही.

मेडल असेल तर त्याची कड बघा. किंग्ज पोलीस मेडल (१९०९ पासून) किंवा इंडियन पोलीस मेडल (१९३२ पासून) असेल तर कडेवर नाव कोरलेलं असतं, आणि अशा मेडलची घोषणा गॅझेटमध्ये छापून यायची. १९११ च्या दिल्ली दरबारचं मेडल मात्र बिननावाचं असतं, त्याच्यावरून माणूस ओळखता येत नाही, आणि बाजारात पण खूप फिरतात.

३. हुद्द्यांचा घोळ

इथे सगळे पडतात.

"जमादार" पोलिसात म्हणजे साधारण हेड कॉन्स्टेबल, पण फौजेत जमादार हा चांगला अधिकारी. आणि ऑफिसच्या पट्टेवाल्यांवर पण जमादार असायचा. आपल्याच शहरातलं उदाहरण देतो. १८७४ च्या ९ नोव्हेंबरला रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल (विष) आणि हिऱ्याची पूड घातली म्हणून जो प्रचंड खटला झाला आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांची गादी गेली, त्यात हवालदार रावजी आणि जमादार नरसू ही दोन नावं सारखी येतात. वाचणाऱ्याला वाटतं पोलीस. ते दोघं रेसिडेन्सीचे पट्टेवाले होते. खरे पोलीस तपासाला बाहेरून आले, मुंबईचा कमिशनर फ्रँक सूटर आणि त्याच्याबरोबर अकबर अली, अब्दुल अली, गजानंद विठ्ठल असे देशी अधिकारी. तेव्हा कागदात "हवालदार" दिसलं की लगेच नाचू नका, पुढे कोणाचा हवालदार ते बघा.

"फौजदार" म्हणजे आपल्याकडे आणि गुजरातीत पण ठाण्याचा मुख्य. पण घरातली माणसं कुठल्याही खाकीवाल्याला कौतुकाने फौजदार म्हणतात, तर त्यात दोन पायऱ्या खाली धरून चला.

"चीफ कॉन्स्टेबल" हे सगळ्यात फसवं. मुंबई इलाख्यातल्या जुन्या इंग्रजी कागदात तालुक्याच्या पोलिसाचा जो देशी प्रमुख असायचा त्याला चीफ कॉन्स्टेबल म्हणायचे, म्हणजे आपला फौजदारच. इंग्लंडमधल्या चीफ कॉन्स्टेबलशी त्याचा काही संबंध नाही. पुढे १९०२-०३ ला अँड्र्यू फ्रेझरचं पोलीस कमिशन बसलं, त्यानंतर सब-इन्स्पेक्टरची भरती आणि ट्रेनिंग असा प्रकार आला आणि ही जुनी नावं गेली. म्हणजे हुद्द्याच्या नावावरून पण काळ लावता येतो. ह्याच कमिशनने सुचवलं की शिपायाला महिना निदान ८ रुपये तरी द्या. निदान ८! म्हणजे त्याच्या आधी काय मिळत असेल बघा, आणि मग शिपाई चिरीमिरी का घेतो म्हणून त्याच कमिशनने पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी म्हटलं.

अजून एक. लोक सरसकट सांगतात की सगळे पोलीस १८६१ च्या कायद्याखाली. मुंबई इलाख्याचा स्वतःचा वेगळा कायदा होता, १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. खेडा, सुरत, भरूच वाल्यांच्या कागदावर कलमं त्याची असतील. संस्थानाचे कायदे अजून निराळे.

४. गायकवाडी निघाले तर

तर तुमचं नशीब बरं. संस्थानाचे वार्षिक राज्यकारभार अहवाल इंग्रजीत छापलेले आहेत आणि बरेच इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. त्यात पोलीस खात्याचं प्रकरण असतं. पण त्यात शिपायाचं नाव नसतं, मोठे अधिकारी असतात, बाकी आकडे. नेमणुका, बदल्या, बढत्या बघायच्या तर संस्थानाचं गॅझेट, "आज्ञापत्रिका". ते गुजरातीत आहे. वडोदऱ्यात वाढलेल्याला गुजराती वाचता येतंच, पुण्या-मुंबईहून शोधणाऱ्याने कोणाला तरी बरोबर घ्यावं.

मूळ फायली गुजरात राज्य अभिलेखागाराकडे. शहरात त्यांचं दफ्तर आहे, जायच्या आधी फोन करून वेळ आणि सुट्टी विचारा.

५. इंग्रजी निघाले तर

दोन रस्ते. साहेब लोकांचा आणि आपला.

गॅझेटेड (गॅझेटमध्ये नेमणूक छापून येणारे वरचे) अधिकारी असतील तर सिव्हिल लिस्ट म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांची यादी, "हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस" अशी पुस्तकंच निघायची, त्यात जन्मतारखेपासून सगळं. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे पण तिकडे जास्त करून गोरे अधिकारी, आपला शिपाई तिथे शोधण्यात अर्थ नाही. १८९३ पासून वरच्या पोलीस नोकरीची परीक्षा लंडनमध्ये व्हायची, त्यामुळे तुमचे पणजोबा मराठी असतील तर त्या यादीत ते नाहीतच हे धरून चला.

आपल्या माणसांसाठी मुंबईचं पुराभिलेखागार. पोलिसांचा पत्रव्यवहार जुन्या काळात न्याय खात्यात म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटमध्ये ठेवायचे, "पोलीस" असं खातं शोधत बसू नका. रेसिडेन्सीच्या कागदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार पण बघा, कारण मल्हाररावांच्या प्रकरणानंतर बडोद्याचा संबंध मुंबई सरकारऐवजी थेट हिंदुस्थान सरकारशी जोडला होता. त्यांचं "अभिलेख पटल" हे पोर्टल घरबसल्या चालतं, नाव नोंदवलं की झालं. स्पेलिंग मात्र पाच-सहा प्रकारे टाकून बघा.

शिपायाची सेवापुस्तकं निवृत्तीनंतर काही वर्षांनी नष्ट करतात. ती मिळणारच असं धरून निघालात तर निराशा होईल. मिळतं ते आडून: बक्षिसाची नोंद, एखाद्या खटल्यात साक्षीदार म्हणून, बदलीच्या यादीत एक ओळ.

६. मोडी आणि "बिन"

जुने मराठी कागद मोडीत. मोडी शिका, महिन्या-दोन महिन्यांचे वर्ग असतात, ऑनलाइन पण आहेत. सगळं दफ्तर वाचता आलं पाहिजे असं नाही, पण स्वतःच्या पूर्वजाचं नाव, गावाचं नाव आणि आकडे एवढे ओळखता आले की पुरे. मी एका कागदावर पणजोबांचं नाव वीस वेळा गिरवलं होतं, तो कागद शेजारी ठेवून पानं उलटायचो.

आणि आडनाव शोधू नका! जुन्या याद्यांत "अमुक बिन तमुक" असं असतं, म्हणजे अमुक हा तमुकचा मुलगा. म्हणून वर उपाध्यायांच्या वहीचं सांगितलं, वडिलांचं नाव माहीत नसेल तर दहा "रामजी" मधला आपला कोणता ते कळणार कसं. हुद्दा, गाव, बक्कल नंबर, वडिलांचं नाव, ह्यातल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय "सापडले" म्हणून घरच्या ग्रुपवर टाकू नका. मी टाकलं होतं. चुलतभावाने अभिनंदनाचे पेढे पण वाटले. तो माणूस वेगळाच निघाला.

७. दफ्तरात जाताना

आधार, दोन फोटो, अर्ज (कशासाठी बघायचंय ते दोन ओळीत, "कौटुंबिक इतिहास" चालतं), पेन्सिल कारण पेन नेऊ देत नाहीत, वही, स्वेटर किंवा पाण्याची बाटली जे लागेल ते बाहेर ठेवायला पिशवी. मोबाइलने फोटो काढायला कुठे परवानगी असते, कुठे पानामागे पैसे, आधी विचारा.

एका दफ्तरात मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा "साहेब जेवायला गेलेत" हे ऐकलं. चौथ्या वेळी सकाळी उघडताना जाऊन बसलो तर त्याच माणसाने स्वतःहून अजून दोन रजिस्टरं काढून दिली. तेव्हा सकाळी जा, आणि "मला सगळं बघायचंय" म्हणू नका. खातं, साल, जिल्हा असं चिठ्ठीवर लिहून द्या.

८. गोड सापडेलच असं नाही

ही पायरी कोणी सांगत नाही.

आमच्या ट्रंकेत एक दाखला निघाला, पणजोबांच्या चांगल्या कामाचा, पोलीस सुपरिंटेंडंटच्या सहीचा, बोरसद, १९२३. सगळे खूश. मग मी १९२३ चं बोरसद म्हणजे काय ते वाचलं. तिथे बाबर देवा नावाच्या डाकूचा सुळसुळाट होता, म्हणून सरकारने जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च गावकऱ्यांकडूनच वसूल करायला कर लावला, माणशी दोन रुपये सात आणे. लोक त्याला हैडिया वेरो म्हणायचे. शिपायाचा महिन्याचा पगार डोळ्यासमोर ठेवा म्हणजे दोन रुपये सात आणे किती ते कळेल. वल्लभभाई पटेलांनी सत्याग्रह उभा केला, लोक जप्तीवाले आले की घराला कुलूप लावून बसायचे, आणि जानेवारी १९२४ मध्ये सरकारला कर मागे घ्यावा लागला.

पणजोबांनी नक्की काय "चांगलं काम" केलं, डाकूच्या मागे रात्री काढल्या की लोकांच्या दारातली म्हैस सोडून नेली, दाखल्यात नाही. दोन ओळींचा दाखला, "प्रामाणिक आणि कष्टाळू".

नंतर त्याच बोरसदला २१ जानेवारी १९३१ रोजी बायकांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९३० मध्ये खेडा जिल्ह्यातले पाटीदार शेतकरी गाड्या भरून, गुरं घेऊन सीमा ओलांडून गायकवाडी गावात येऊन राहिले होते, इंग्रजी पोलिसांपासून वाचायला. पणजोबांचं पेन्शन १९२९ चं. ते बघून मला आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण दोन वर्षं उशिरा जन्मले असते तर ते कुठे उभे असते ते मला माहीत आहे. १९४२ ला वडोदऱ्याची कॉलेजची पोरं अडास स्टेशनवर पोलिसांच्या गोळीने गेली, पाच जण, ती लाइन पण खेडा जिल्ह्यातलीच. तुमचे पूर्वज तेव्हा नोकरीत असतील तर तारीख आणि नेमणूक आधी स्वतः जुळवून बघा, घरात मग सांगा.

सापडलेलं लिहून ठेवताना कागदावर जेवढं आहे तेवढंच लिहा, आणि ऐकीव ते वेगळ्या शाईने. मी आत्याला सगळं वाचून दाखवलं, हैडिया वेरो सकट. ती बराच वेळ बक्कल हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "आणंदहून ते नेहमी संध्याकाळच्या गाडीने यायचे, उजेडात कधी नाही." हे मी ऐकीवच्या पानावर लिहिलंय.